उपासाच्या आडून येणारा आजार

वाचकांचे प्रश्न : मनाचे आरोग्य

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागातली आहेत. लिहिणाऱ्या एकमेकींना ओळखत नाहीत, तरी विषय एकच आहे : महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींचे बिघडलेले खाणे. म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्रांतले वजनाचे किलो आणि खाण्याचे मोजमाप मात्र मुद्दामच गाळले आहे, कारण या वाटेवर असलेली वाचक असे आकडे माहिती म्हणून वाचत नाही, ती त्यांच्याशी स्पर्धा करू लागते.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली असून बेळगावात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही. इथे वर्गात इंग्रजी आणि वसतिगृहात कन्नड चालते, आणि दोन्हींत मी अडखळते. गेल्या वर्षी मी सोमवार धरला, मग संकष्टी, मग गुरुवार. वजन उतरले आणि गावी गेल्यावर सगळ्यांनी कौतुक केले. आता उपास नसला तरी रात्रीचे जेवण टाळते. पण आठवड्यातून दोन-तीनदा, खोलीतल्या मुली झोपल्यावर, बिस्किटांचे पुडे, घरचे लाडू, हाताला लागेल ते खाते आणि नंतर ओकून टाकते. एकदा मैत्रिणीने घरी न्यायला आणलेला कुंद्याचा अख्खा डबा मी अंधारात उभ्या-उभ्या संपवला आणि सकाळी ती उठायच्या आत तसाच डबा आणून ठेवता येईल का, या विचाराने रात्रभर जागी राहिले. माझ्यात निग्रहच नाही का? इतक्या मुलींमध्ये मलाच हे का व्हावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : निग्रह नाही, असे तू म्हणतेस, तुझ्या पत्रातून मला उलटेच दिसते. आठवड्यातले दोन-तीन दिवस उपाशीपोटी प्रयोगशाळेत उभी राहणारी आणि वर्षभर हे सारे एकटीने झाकून ठेवणारी मुलगी निग्रहात कमी पडलेली नाही. तिने तो नको तिथे आणि नको तितका खर्च केला आहे. अनावर खाणे आणि मग ते ओकून टाकणे, या आजाराला बुलिमिया म्हणतात. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. अर्थात पक्के निदान तुला तपासूनच करता येईल, पत्रावरून नाही.

मनाकडे वळण्याआधी भुकेविषयी बोलले पाहिजे, कारण रात्री जे घडते त्याचा मोठा भाग निव्वळ भुकेचा आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हे तरुण मनाने खंबीर म्हणून निवडलेले होते आणि वजनाची किंवा रूपाची चिंता त्यांतल्या कोणाला नव्हती. तरीही काही आठवड्यांत ते दिवसभर अन्नाबद्दलच बोलू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातला घास तासभर पुरवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. आणि पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींना कितीही खाल्ले तरी थांबता येईना. तेव्हा अभ्यासाच्या पुस्तकावर तुझे लक्ष टिकत नाही आणि डोळ्यांसमोर लाडवाचा डबा येतो, यात तुझ्या स्वभावाचा दोष शोधू नकोस.

दुसरा भाग मात्र मनाचा आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी महाविद्यालयीन मुलींवर एक साधा प्रयोग केला. काही मुलींना आधी मिल्कशेक दिले, काहींना दिले नाही, आणि मग सगळ्यांना हवे तितके आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे स्वाभाविकच आहे. ज्या मुली एरवी तोंडाला कुलूप लावून असत, त्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. मनात घातलेली रेघ एकदा ओलांडली गेली की ‘मोडलाच आहे तर मोडू दे’ असा विचार येतो, आणि मग रेघच उरत नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत म्हणतो. तुझ्या खोलीत रात्री तेच घडते, फक्त त्यात हसण्यासारखे काही नाही.

आता ‘मलाच का’ याविषयी. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली असे मांडले की, खाण्याच्या विकारांच्या मुळाशी एक समान गोष्ट असते, ती म्हणजे स्वतःची किंमत वजन, शरीराचा आकार आणि खाण्यावरचा ताबा यांवरच ठरवणे. काही रुग्णांमध्ये याला चार गोष्टींचे खतपाणी मिळते : टोकाचा परिपूर्णतेचा हट्ट, स्वतःविषयी खोलवर असलेला कमीपणा, तीव्र भावना सोसता न येणे आणि माणसांशी असलेल्या संबंधांतले अडथळे. ही चौकट तुझ्या पत्रावर ठेवून पाहा. दहावीपर्यंत तुझी किंमत तुला एका आकड्याने कळत होती, तो म्हणजे प्रगतिपुस्तकातला. बेळगावात आल्यावर तो आकडा हातातून निसटला, कारण येणारे उत्तरही इंग्रजीत मांडताना जीभ अडते आणि परीक्षक अडखळणे वेगळे काढून ज्ञान मोजत नाही. नेमक्या त्याच सुमारास दुसरा एक आकडा सापडला, जो कष्टाला लगेच दाद देतो, ज्याला इंग्रजी लागत नाही, कन्नडही लागत नाही, आणि जो खाली आला की गावातल्या काकू-मावशी ‘छान दिसतेस गं’ म्हणतात. मार्कांची जागा वजनकाट्याने घेतली, ती अशी. आणि खोलीत ज्या भाषेत गप्पा चालतात ती नीट येत नसल्यामुळे दिवसभराचा अपमान, कंटाळा, घरची आठवण हे सगळे कोणाशी बोलून हलके होत नाही. रात्रीचे ते खाणे काही मिनिटे का होईना सगळे बधिर करते. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घडते.

तरीही तुझ्यासारखीच भाषेची अडचण असलेल्या आणि तुझ्याइतकेच उपास करणाऱ्या बहुतेक मुलींना हा आजार होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसते, आणि मुळातच चिंता करण्याचा स्वभाव अनेक रुग्णांमध्ये आजाराच्या आधीपासून असतो. एकच कारण पकडून स्वतःला किंवा वसतिगृहाला दोष देत बसावे, असा हा आजार नाही.

उपासाविषयी माझे मत स्पष्ट सांगते, कारण ते काही वाचकांना आवडणार नाही. माझी आई आयुष्यभर संकष्टी करीत आली; चंद्रोदय झाला की ती आनंदाने मोदक खाते आणि विषय संपतो. पण उपास वाढत वाढत आठवडा व्यापू लागला, साबुदाण्याची खिचडीसुद्धा नको वाटू लागली, सोडण्याची वेळ आल्यावर समाधानाऐवजी धास्ती वाटू लागली, की त्या उपासाचा देवाशी संबंध उरलेला नसतो. अडचण अशी की बाहेरून तो सद्गुणच दिसतो. जेवण टाकणाऱ्या मुलीला घरचे विचारतात. उपास करणाऱ्या मुलीला कोणी विचारत नाही. आजाऱ्याने उपास करू नये, हे आपल्याकडे परंपरेनेच मान्य केलेले आहे. तेव्हा पुढचे काही महिने सगळे उपास बंद कर, आणि घरी ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढेच सांग. ते खरेच आहे.

उपचारात पहिली पायरी नियमित खाण्याची असते : तीन जेवणे, मध्ये दोन वेळा थोडे काही, आणि दोन खाण्यांत सुमारे चार तासांहून जास्त अंतर नाही. आधी रात्रीचे खाणे थांबवीन आणि मग दिवसा नीट जेवीन, असा उलटा क्रम लावू नकोस. तो यशस्वी होत नाही. या आजारासाठी खास बेतलेली विचार-वर्तन उपचारपद्धती साधारण २० आठवड्यांची असते. पण त्याआधी, याच आठवड्यात, रक्तातले पोटॅशियम तपासून घे आणि ईसीजी काढून घे. वारंवार ओकल्याने पोटॅशियम उतरते आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. वजन अगदी नेहमीसारखे असलेल्या मुलीलाही हा धोका असतो. ओकल्यावर लगेच दात घासू नकोस, आम्लाने मऊ झालेले दातांवरचे कवच घासण्याने अधिक झिजते. नुसत्या पाण्याने चुळा भर. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आधी नुसते बोलून पाहायचे असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य असून रात्रीही लागतो.

प्रश्न : माझी मुलगी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी ती अंगाने भरलेली होती आणि तिचा भाऊ तिला ‘ढमी’ म्हणत असे. आम्हीही हसत होतो. गेल्या वर्षी पाहण्याचा एक कार्यक्रम झाला, तेव्हा पाहुण्यांनी निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे पण अंगाने जाड आहे. तेव्हापासून ती झपाट्याने वाळली. दिवाळीला आली तेव्हा उन्हातही स्वेटर घालत होती, केस गळत होते, पाळी चार महिने आलेली नाही असे मोठ्या मुश्किलीने सांगितले. सगळ्यांसाठी स्वतः करंज्या केल्या, प्रत्येकाला आग्रह करकरून वाढल्या, आणि स्वतः एकही खाल्ली नाही. आमचे काय चुकले?
— एक आई, निपाणी

उत्तर : शेवटचा प्रश्न आज बाजूला ठेवा, कारण त्याच्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. वजन झपाट्याने उतरणे, पाळी थांबणे आणि सतत थंडी वाजणे ही शरीराने खर्च आवरता घेतल्याची लक्षणे आहेत. ती ॲनोरेक्सियाकडे, म्हणजे वजन वाढण्याच्या भयाने उपाशी राहण्याच्या आजाराकडे, बोट दाखवतात, आणि तो मानसिक आजारांमधला सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. तिला फिजिशियनकडे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात न्या. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, जिना चढताना पायांत बळ नसणे, यांपैकी काही दिसले तर आठवड्याचीही वाट पाहू नका, थेट रुग्णालयात दाखल करा. आणि घाबरून घरीच एकदम भरपूर खाऊ घालायला जाऊ नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न गेले तर रक्तातले क्षार धोकादायकरीत्या बदलू शकतात, म्हणून सुरुवातीचे दिवस वैद्यकीय देखरेखीखाली असावे लागतात.

करंज्यांविषयी तुम्ही लिहिले ते बरे केले. मिनेसोटातल्या उपाशी तरुणांनी पाककृतींची पुस्तके जमवली होती, हे वर लिहिले आहे. तुमची लेक सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राहते, तेही त्याच जातीचे आहे. भूक मेलेली नाही, ती दुसऱ्यांच्या ताटातून जेवते आहे.

‘ढमी’ या एका शब्दाने हा आजार झाला, असे मी म्हणणार नाही. घरच्यांनी वजनावरून चिडवणे आणि पुढे खाणे बिघडणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, हे खरे. पण अशी चेष्टा झालेल्या मुलींपैकी बहुतेकींना विकार होत नाही, हेही तितकेच खरे. स्वतःला गुन्हेगार मानणारी आई एकतर मुलीच्या मागे सतत लागते किंवा तिला दुखवायला नको म्हणून गप्प बसते, आणि दोन्हींनी नुकसान होते. आजार आणि मुलगी यांना मनात वेगळे करा. ताटावरून उठणारी तुमची लेक हट्टी नाही. तिच्या आत बसलेले भय तिला उठवते. ‘एवढी बारीक कशाला झालीस’ असे म्हणू नका, कारण ते तिला पदक मिळाल्यासारखे ऐकू येते, आणि ‘आता जरा बरी दिसतेस’ हेही म्हणू नका, कारण त्याचा अर्थ ती ‘जाड झालीस’ असा लावील. तब्येतीवर बोला, दिसण्यावर नको : तुला थंडी वाजते, चक्कर येते, मला काळजी वाटते, उद्या आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. भावालाही बाजूला घेऊन समजावा. चिडवण्याऐवजी रोज तिच्यासोबत जेवायला बसण्याचे काम त्याला द्या. पाहण्याचे कार्यक्रम ती बरी होईपर्यंत पूर्ण थांबवा. स्थळे थांबतील किंवा जातील. त्याचा विचार या वर्षी करायचा नाही.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. प्रश्नावली भरून घेऊन धोक्यातल्या मुली आधीच शोधता येतील का? आणि हे सारे मोबाइलमुळे होते, असे पालकसभेत सांगावे का?
— एक प्राध्यापिका, बेळगाव

उत्तर : गार्नर आणि सहकाऱ्यांची १९८२ची २६ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते, तीत २० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी सुचवतात. पण ती निदान करीत नाही, आणि आपल्याकडे ती डोळे झाकून वापरू नये. किंग आणि भुग्रा यांनी १९८९ साली उत्तर भारतातील शाळकरी मुलींच्या अभ्यासात दाखवले की, काही विधानांचा अर्थ मुलींनी धार्मिक आणि सांस्कृतिक अंगाने घेतला आणि त्यामुळे गुण फुगले. एक उदाहरण माझ्याकडून : ‘मी अन्नाचे लहान तुकडे करते’ या विधानाला भाकरी मोडून खाणारी कोणती मुलगी नाही म्हणेल? आणि निनावी नसलेल्या प्रश्नावलीवर खरे आजारी असलेली मुलगी ‘कधीच नाही’ अशी खूण करून मोकळी होते.

त्यापेक्षा तुमच्या डोळ्यांना जे दिसते ते अधिक उपयोगाचे आहे. रोज मेसमध्ये वेगळ्या वेळी येणारी, जेवण झाल्याबरोबर न्हाणीघराकडे जाणारी, गुण एका टक्क्याने घसरले तर दोन दिवस खोलीबाहेर न येणारी, कधीही तक्रार न करणारी. आमच्या अनुभवात ही शेवटची मुलगीच वसतिगृहाची आदर्श विद्यार्थिनी म्हणून बक्षीस घेते. तिच्याशी एकांतात बोला, तेही खाण्यापासून सुरुवात न करता. झोप कशी आहे, घरी शेवटचे कधी गेलीस, इथे कोणाशी मराठीतून बोलतेस, असे विचारा. आणि शारीरिक शिक्षणाच्या तासाला सगळ्यांसमोर वजन करून मोठ्याने वाचण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर ती उद्यापासून बंद करा.

मोबाइलविषयी अर्धे होय म्हणेन. प्रशांत महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशात, त्याच्या एका भागात १९९५ साली टेलिव्हिजन आले. तिथे धष्टपुष्ट शरीर हेच चांगले मानण्याची रीत होती. ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींच्या दोन तुकड्या तपासल्या, तेव्हा वर उल्लेखलेल्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुली १९९५ मध्ये १२.७ टक्के होत्या, त्या १९९८ मध्ये २९.२ टक्के झाल्या. दिसणाऱ्या प्रतिमेत ताकद आहे, हे त्यातून कळते. तरी पालकसभेत सगळा दोष मोबाइलवर टाकलात तर पालक सुटकेचा श्वास टाकतील, मुलींचे फोन काढून घेतील आणि घरी जाऊन लेकीच्या दंडाकडे पाहत ‘जरा कमी खा’ म्हणतील. खेडेगावातून आलेल्या एकट्या मुलीचा फोन हा आईशी बोलण्याचा धागाही असतो, हे विसरू नये.

प्रश्न : मला पीसीओडी आहे आणि डॉक्टरांनी ‘वजन कमी कर, बाकी काही नाही’ एवढेच सांगितले. मी भात-भाकरी पूर्ण सोडली. आता चार दिवस सोडते आणि पाचव्या दिवशी तुटून पडते. काय करू?
— एक विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड, असलेल्या स्त्रियांमध्ये खाणे बिघडण्याचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळते, आणि ‘वजन कमी कर’ एवढाच सल्ला दिल्याने त्यात भर पडू शकते. भाकरी परत सुरू कर. डॉक्टरांना पुढच्या भेटीत ‘मला खाण्यावरचा ताबा सुटल्याचे झटके येतात’ हे याच शब्दांत सांग, आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवा असे स्वतःहून माग. ऐकून घेतले नाही, तर डॉक्टर बदल.

प्रश्न : माझी खोलीतली मैत्रीण जेवण झाल्यावर नळ सोडून ओकते. मला ऐकू येते, पण तिला माहीत नाही की मला माहीत आहे. वॉर्डनना सांगू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी तिला सांग, आणि जेवणानंतर लगेच सांगू नकोस. दोघी कुठेतरी चालत असताना, समोरासमोर न बसता सांगणे तुला आणि तिलाही सोपे जाईल. ‘मला ऐकू येते, मी कोणाला सांगितलेले नाही, तुला त्रास होत असेल असे वाटते’ एवढी तीन वाक्ये पुरेत. ती चिडेल, नाकारेल, कदाचित आठवडाभर बोलणार नाही. तिच्यावर पाळत ठेवू नकोस, डबे लपवू नकोस. रोज सकाळचा नाश्ता मात्र तिच्यासोबत कर. ती बेशुद्ध पडली, ओकण्यात रक्त दिसले किंवा जिवाचे काही बरेवाईट करण्याविषयी बोलली, तर गुपित राखण्याचे वचन तिथेच संपते : त्याच क्षणी वॉर्डनना उठव, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.